सोलापुरातल्या समस्त मंडळांना खुलं पत्र : टेम्पो, पाण्याचे जार आणि आगीची गाडी

प्रति,
सोलापूर शहरातल्या सगळ्या गणेशोत्सव, नवरात्र आणि जयंती मंडळांचे संस्थापक, अध्यक्ष, उत्सव अध्यक्ष, मिरवणूक प्रमुख, आणि यंदा कुठलंच पद मिळालं नाही म्हणून रुसून बसलेले सगळे.

भावांनो,

वर्गणीचं पत्र नाही, घाबरू नका. आग लागली की फायर ब्रिगेडच्या मागं आपल्या मंडळांनी कसं उभं राहायचं, त्याचं आहे. शेवटपर्यंत वाचा आणि मग शिव्या घालायच्या तर घाला.

मी स्वतः दोन वर्षं एका मंडळाचा उत्सव अध्यक्ष होतो, कुठल्या ते सांगत नाही कारण पुढं जे लिहिणार आहे त्यात मंडळाची अब्रू जाते. पंधरा-सोळा वर्षं झाली असतील. एप्रिल महिना, दुपारचे साडेतीन, म्हणजे आपल्याकडं कुत्रंसुद्धा सावली सोडत नाही ती वेळ. अक्कलकोट रोडच्या बाजूला एका टॉवेल कारखान्यातनं धूर दिसायला लागला आणि आमच्या कट्ट्यावरची सगळी पोरं उठली. मदत करायलाच उठली, खोटं कशाला बोलू, पण मदत म्हणजे नेमकं काय करायचं याचा कुणालाच पत्ता नव्हता. मंडळाचा छोटा हत्ती होता, महाप्रसादाचे जार होते ते भरून घेतले, चहाच्या दोन किटल्या, बिस्किटचे पुडे, मागं आठ-दहा जण उभे, आणि गाडी मी चालवत होतो.

कारखान्याच्या तोंडाशी पोचलो तर ही गर्दी, आमच्यासारख्याच लोकांच्या तीस-चाळीस बाइक आडव्यातिडव्या लावलेल्या, आगीची दुसरी गाडी मागं हॉर्न मारत अडकलेली, आणि मी मनात म्हटलं आपण तर पाणी घेऊन आलोय, आपल्याला पुढं जायलाच पाहिजे, घातला टेम्पो. रस्त्यावर होज, म्हणजे बंबाचा पाण्याचा पाइप, पसरला होता. पाण्यानं भरलेला होज लाकडासारखा कडक असतो हे मला त्या दिवशी कळलं. मागचं चाक चढलं, मी घाबरून रिव्हर्स टाकला, चाक परत त्याच्यावरनं गेलं आणि होज जोडावर सुटला. सगळा फवारा माझ्या काचेवर. आणि तिकडं गोडाऊनच्या दारात ब्रँच, म्हणजे होजचं तोंड, धरून उभ्या असलेल्या दोघांच्या हातातलं पाणी एकदम गेलं. त्यातला एक जण वळून जे ओरडला ते सगळं इथं लिहिता येत नाही, "गाडी काढ बे, डोळं फुटलं का तुझं" एवढंच लिहितो.

तो जोड बसवून पाणी परत चालू व्हायला तीन-चार मिनिटं गेली असतील. तेवढ्यात डावीकडची मालाची थप्पी पेटली. ती तशीही पेटली असती का, मला माहीत नाही. इतकी वर्षं झाली, अजून माहीत नाही. त्या दिवशी कुणाचा जीव गेला नाही एवढंच.

संध्याकाळी तोच फायरमन बाहेर येऊन मोरीच्या कठड्यावर बसला. आधी बूट काढून उलटा केला तर आतनं काळं पाणी पडलं, लोटाभर तरी असेल. मी मान खाली घालून चहाचा ग्लास पुढं केला. त्याचा हात इतका थरथरत होता की निम्मा चहा त्याच्याच मांडीवर सांडला. म्हणाला चहा नको, पाणी दे. पाणी दिलं तर घटाघटा पूर्ण तांब्या प्यायला आणि दोन मिनिटांत सगळं ओकला. आमच्यातल्या एकानं कौतुकानं कडक भाकरी आणि शेंगाचटणी आणली होती. आता कडक भाकरीवर माझं किती प्रेम आहे हे घरात विचारा, पण तोंडात थुंकी नसलेल्या माणसाला ती कोण देतं का हो! शेवटी शेजारच्या चाळीतली एक मावशी, विड्या वळणारी बाई, मोठ्या पातेल्यात मीठ घातलेलं पातळ ताक घेऊन आली, एकेकाला अर्धा-अर्धा ग्लास, सावकाश प्या म्हणून दम देत. आख्ख्या गर्दीत काय करायचं ते कळत असलेली ती एकटी. आम्ही दहा जण आणि एक टेम्पो मिळून जे जमलं नाही ते तिनं एका पातेल्यात केलं.

त्या होजपायी मी नंतर हे सगळं वाचायला लागलो. आग विझवणाऱ्यांच्या मागं उभं राहणारी माणसं जगात कुठं कुठं आहेत, कधी सुरू झाली, काय करतात. वाचत गेलो तसं लक्षात आलं की ही कामाची एक वेगळी शाखाच आहे, फायरमन होणं वेगळं आणि फायरमनला उभं ठेवणं वेगळं.

लंडनचं घ्या. १९३८ साली, लढाई तोंडावर आलेली, तिथं दोन गोष्टी झाल्या. एक म्हणजे ऑक्झिलरी फायर सर्व्हिस, साध्या लोकांना ट्रेनिंग देऊन फायर ब्रिगेडच्या जोडीला उभं केलं, आणि गाड्या पुरत नव्हत्या म्हणून लंडनच्या टॅक्सींच्या मागं पंपाच्या ट्रेलर जोडल्या. टॅक्सी! म्हणजे आपण रिक्षाला किंवा छोटा हत्तीला पंप जोडल्यासारखं. दुसरी म्हणजे बायकांची संघटना, विमेन्स व्हॉलंटरी सर्व्हिसेस. ती काढली लेडी रीडिंग या बाईंनी. यांचा नवरा लॉर्ड रीडिंग १९२१ ते १९२६ आपला व्हाइसरॉय होता, गांधीजींना १९२२ साली सहा वर्षांची शिक्षा झाली ती याच्याच काळात, आणि बाई लग्नाच्या आधी त्याच्याच स्टाफवर हिंदुस्थानात काम करत होत्या. आता १९३० साली इंग्रजांचा मार्शल लॉ भोगलेल्या गावात बसून इंग्रजांचं कौतुक करतोय म्हणून चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांजवळ माझा पुतळा जाळू नका, आणि जाळलाच तर बाजूला पाण्याची बादली ठेवा.

तर लढाई सुरू झाल्यावर जवळजवळ वर्षभर लंडनवर बॉम्ब पडलेच नाहीत, आणि लोक त्या ऑक्झिलरीवाल्यांना टोमणे मारायचे की लढाईला जायला नको म्हणून इथं फुकटचा पगार खातात. मग ७ सप्टेंबर १९४० ला सुरू झालं ते लागोपाठ ५७ रात्री. तेव्हा त्या बायकांच्या चहाच्या गाड्या आगीच्या मागच्या गल्लीत उभ्या असायच्या, बॉम्ब पडत असताना, आणि त्यातल्या दोनशेच्यावर बायका मेल्या. पण मला चहापेक्षा त्यांची दुसरी गोष्ट जास्त भारी वाटली. जिथं बॉम्ब पडला तिथं जवळच त्या एक टेबल मांडायच्या, इन्सिडेंट इन्क्वायरी पॉइंट म्हणायचे त्याला. या घरात कोण राहत होतं, कोण बाहेर निघालं, कुणाला कुठल्या दवाखान्यात नेलं, हे सगळं वहीत. नातेवाईक आले की त्या टेबलावर यायचे, बचावाचं काम करणाऱ्यांच्या अंगावर जायचे नाहीत.

हे वाचलं आणि मला १८ मे २०२५ आठवला. तुम्हा सगळ्यांना आठवतो. रविवारची पहाट, अक्कलकोट रोड एमआयडीसीतला टॉवेल कारखाना, आठ जीव गेले, त्यात मालकाच्या घरातली माणसं होती तशी कामगाराच्या घरातली पण होती, आणि एक दीड वर्षाच्या आसपासचं लेकरू. कुणाची चूक, कुणाची नाही, ते मी इथं बोलणार नाही, ते माझं काम नाही. मी एवढंच म्हणतोय की आपल्या गावात कारखाना आणि घर एकाच भिंतीत असतं, खाली माग, वर बिऱ्हाड, मागच्या खोलीत कामगार झोपलेला. पूर्व भागात तर गल्लीगल्लीत हेच. मग रात्री तीनला आग लागली तर आत कोण कोण आहे हे गेटवर येणाऱ्या ऑफिसरला कोण सांगणार? ते आपल्याला माहीत असतं. शेजाऱ्याला माहीत असतं, चहावाल्याला माहीत असतं, मंडळाच्या पोरांना तर नक्की माहीत असतं, वर्गणीला सगळ्या खोल्यांची दारं वाजवलेली असतात की.

सूत-कापसाची आग कशी असते हे सोलापूरकराला शिकवायला नको. गाठ वरनं विझलेली दिसते आणि आत धुमसत राहते, घट्ट दाबलेल्या मालात पाणी शिरतच नाही, वरनं ओघळून जातं, एकेक थप्पी ओढून उलगडून विझवावी लागते आणि दोन तासांनी कोपऱ्यातनं परत जाळ. माझे वडील गिरणीत होते, ते सांगायचे की तूस उडते तिथं ठिणगी म्हणजे फटाक्याची वात. म्हणून आपल्याकडच्या आगी तासात उरकत नाहीत, दहा-दहा तास चालतात, आणि दहा तास ती त्याच चार गाड्यांवरची तीच माणसं, बाहेर ४३ डिग्री, अंगात तो जाड कोट, पाठीवर बीए सेट, म्हणजे श्वासाच्या हवेचा सिलिंडर. अमेरिकेत यासाठी नियमच लिहून ठेवलाय. अर्ध्या तासाचे दोन सिलिंडर संपले की माणूस बाहेर, कमीत कमी २० मिनिटं सावलीत, पाणी, नाडी बघायची, मग ठीक असेल तर परत आत. का तर तिथं ड्युटीवर मरणाऱ्या फायरमनमधले निम्म्याच्या आसपास जळून मरत नाहीत, हार्टनं जातात. माझ्यासमोर ओकलेला तो फायरमन मला तेव्हा फक्त दमलेला वाटला होता.

आणि तिथं ही सावली आणि पाणी बऱ्याच ठिकाणी व्हॉलंटिअर लोक सांभाळतात. फिलाडेल्फियात १९२१ पासून सेकंड अलार्मर्स नावाची संघटना आहे. सेकंड अलार्म म्हणजे पहिल्या गाड्यांना आग आवरत नाही, अजून पाठवा, हा निरोप, तो आला की हे लोक निघणार. बॉस्टनमध्ये आगीच्या मागं धावणाऱ्या हौशी लोकांचा क्लब आहे बॉक्स ५२ नावाचा. हा ५२ म्हणजे रस्त्यावरच्या तारेच्या पेटीचा नंबर, ९ नोव्हेंबर १८७२ ला त्या पेटीतनं मोठ्या आगीची पहिली वर्दी गेली होती. त्या वेळी आगीचे बंब ओढायचे घोडे साथीच्या रोगानं आजारी पडलेले, म्हणून माणसांनी ते बंब हातानं ओढले, तरी सातशेच्यावर इमारती गेल्या. म्हणजे बघा, आपल्यासारखेच बघे होते ते, आगीच्या मागं धावणारे, पण त्यांनी त्याला नाव दिलं, नंबर दिला, शिस्त लावली. आपण व्हिडिओ काढतो.

परदेशाचं पुराण झालं, आता घरचं. १४ एप्रिल म्हटलं की आपल्याला काय आठवतं? बाबासाहेबांची जयंती, आणि आपल्या गावची ती मिरवणूक, त्याबद्दल मी काय सांगू, तुम्हीच करता. पण त्याच तारखेला सकाळी फायर स्टेशनवर श्रद्धांजली असते हे तुमच्यातल्या किती जणांना माहीत आहे, मला तरी अध्यक्ष असताना माहीत नव्हतं. १४ एप्रिल १९४४, मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये फोर्ट स्टिकिन नावाचं जहाज, पोटात सुमारे १४०० टन दारूगोळा आणि त्याच जहाजात कापसाच्या गाठी. कापूस धुमसायला लागला. फायर ब्रिगेड आली, पाणी मारत राहिली, आणि चारनंतर पहिला स्फोट झाला, अर्ध्या तासानं दुसरा. मुंबई फायर ब्रिगेडची ६६ माणसं एका दुपारी गेली. म्हणून तो दिवस देशभर अग्निशमन सेवा दिन. कापसाच्या गाठीपासून सुरू झालेली आग, आणि कापसावर जगणारं आपलं गाव, आणि आपल्याला ती तारीख माहीत नसावी.

आपल्या देशात मागं उभं राहणाऱ्या लोकांची परंपरा नाही असं पण नाही. होमगार्ड मुंबईतच सुरू झालं, ६ डिसेंबर १९४६ ला, दंगली आवरायला, मोरारजी देसाई तेव्हा मुंबई प्रांताचे गृहमंत्री होते. नागरी संरक्षणाचा कायदा १९६८ चा. गंमत अशी की त्याच १९६८ मध्ये इंग्लंडनं आपली ऑक्झिलरी फायर सर्व्हिस गुंडाळून टाकली. त्यांनी दुकान बंद केलं त्याच वर्षी आपण कायदा केला. मग २०१६ पासून आपदा मित्र ही स्वयंसेवकांची योजना, बारा दिवसांचं ट्रेनिंग देतात, आधी पुराचे जिल्हे घेतले आणि नंतर देशभर वाढवत नेलं. म्हणजे कागदावर सगळं आहे. कमी आहे ती गल्लीतली माणसं, रात्री तीनला चपला घालून दहा मिनिटांत पोचणारी. आणि तशी माणसं या गावात फक्त तुमच्याकडं आहेत, हे मी मस्का मारायला म्हणत नाही.

तुमच्याकडं काय नाही? जनरेटर आहे, हॅलोजन आहेत, मंडप आहे, दोरखंड आहेत, पाच हजार माणसांचं जेवण रांधणारी भांडी आणि आचारी आहेत. मिरवणुकीत दोर धरून गर्दी मागं ढकलायची प्रॅक्टिस तर अशी आहे की पोलिसांना पण नसेल. तोच दोर आगीच्या वेळी पन्नास मीटर मागं धरा, रस्ता मोकळा ठेवा, बाइक काढायला लावा, पुढच्या गाडीला वाट दाखवा. याच्यापेक्षा मोठी मदत नाही, आणि यात हिरो होता येत नाही म्हणून कुणी करत नाही. टँकरचं पण तसंच. चार-पाच दिवसाआड नळ यायची सवय झालेलं गाव हे, कुठल्या गल्लीतला टँकरवाला रात्री फोन उचलतो, कुणाची विहीर कधी भरलेली असते हे सगळं तुम्हाला तोंडपाठ आहे. ते एका कागदावर येऊ द्या. आणि एक बारीक गोष्ट, फायर ब्रिगेडचा होज ६३ एमएमचा असतो आणि त्याला झटक्यात बसणारा विशिष्ट जोड असतो, खाजगी टँकरला मागं साधा व्हॉल्व्ह. इंग्लंडमध्ये सुद्धा एका गावचा होज दुसऱ्या गावच्या जोडाला बसेना, अशा भानगडींमुळंच शेवटी १९४१ साली सगळ्या फायर ब्रिगेड एकत्र करून टाकल्या. आपण निदान कुठल्या टँकरला तो जोड लावून घेता येतो एवढं आधी बघून ठेवू शकतो, आगीच्या वेळी चिंधी बांधत बसण्यापेक्षा.

आत जायचं नाही. हे मी ओरडून लिहितोय असं समजा. शटर तोडायचं नाही, आत हवा शिरली की धुमसणारा माल भडकतो. कितीही ओळखीचा माणूस आत असला तरी ऑफिसर सांगेल तेच. चहा नंतर, आधी पाणी, लिंबू-मीठ-साखरेचं नाहीतर ताक, थोडं थोडं, घोट घोट. ग्लास हातात देऊ नका, तोंडाला लावा, हात थरथरत असतात. आणि आग विझल्यावर सगळे निघून जातात तेव्हा खरं काम उरतं, ज्यांचं बिऱ्हाड जळलं ती माणसं अंगावरच्या कपड्यानिशी रस्त्यावर बसलेली असतात, बाईला साडी पाहिजे असते, म्हाताऱ्याच्या बीपीच्या गोळ्या जळालेल्या असतात, रेशन कार्ड आधार कार्ड सगळं गेलेलं, पोराची परीक्षा परवावर. तिथं आपल्या मंडळातल्या महिला मंडळाला पुढं करा, त्यांना हळदीकुंकवापुरतं ठेवलंय आपण, त्या विडीवाल्या मावशीसारख्या निदान दहा जणी प्रत्येक गल्लीत आहेत.

आता माझं मागणं. प्रत्येक मंडळानं चार नावं द्यायची, फक्त चार, दोन बाप्ये दोन बायका, रात्री फोन चालू ठेवणारी. कार्यकर्ता नको, ज्याला सांगितलेलं ऐकता येतं असा माणूस द्या, अध्यक्षांनी स्वतःचं नाव देऊ नये कारण अध्यक्षांना ऐकायची सवय नसते, मी होतो मला माहीत आहे. ती यादी कागदावर, व्हॉट्सॲपवर नको, तिथं गुड मॉर्निंगच्या फुलात हरवते. येत्या १४ एप्रिलला सकाळी मिरवणुकीच्या तयारीला लागायच्या आधी सगळ्यांनी मिळून फायर स्टेशनवर जाऊ, त्या ६६ जणांना फूल वाहू आणि कागद तिथल्या ऑफिसरच्या हातात देऊ. त्यांना म्हणू की एक दुपार द्या, होज कसा पडतो, गाडी कुठं लावायची नाही, तुमचा माणूस कोणत्या रंगाचा पट्टा बघून आम्हाला पुढं सोडेल, एवढं शिकवा. महापालिकेकडनं पैसा नको, ओळखपत्र आणि ती एक दुपार पाहिजे. आयुक्त साहेबांना वेगळा अर्ज देणार आहे, त्याची भाषा जरा बरी असेल.

हसतील काही जण, म्हणतील ह्यांना आता आगीत पण मंडळ काढायचंय. हसू द्या. टॅक्सीला पंप जोडणाऱ्यांना पण वर्षभर हसले होते.

आमच्या गल्लीच्या चार नावांत माझं नाव पहिलं लिहिलंय, अध्यक्षपद सोडून बरीच वर्षं झाली त्यामुळं चालतंय. जार भरीन, दोर धरीन, ताकाचं पातेलं वाहीन. टेम्पो चालवायला मात्र दुसरं कुणीतरी बघा.

आपलाच,
एका मंडळाचा माजी उत्सव अध्यक्ष
पूर्व भाग, सोलापूर